जमिनीवरची विमाने : एका अभ्याससहलीची आखणी

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर सहलीची सूचना लागते, तेव्हा ती न वाचताही तिच्यात काय असेल हे सांगता येते. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद. नाहीतर उदगीर आणि बीदर. एका दिवसात आटोपायचे असेल तर कंधारचा किंवा औशाचा किल्ला. ही स्थळे पाहण्याजोगी आहेत याबद्दल वाद नाही. पण शाळेत एकदा, कनिष्ठ महाविद्यालयात एकदा आणि पदवीच्या पहिल्या वर्षी एकदा असा तीन वेळा दौलताबाद पाहिलेल्या विद्यार्थ्याला चौथ्यांदा त्याच अंधारीतून नेल्याने त्याच्या ज्ञानात कोणती भर पडणार? म्हणून या लेखात एका वेगळ्या सहलीची आखणी मांडण्याचे योजले आहे. ही सहल विमाने पाहण्याची आहे. मात्र उडणारी विमाने नव्हेत. ज्यांचे उडणे कायमचे थांबले आहे, जी संग्रहालयात, बागेत किंवा धावपट्टीच्या कडेला उभी आहेत, अशी विमाने.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, कला शाखेच्या विद्यार्थ्याला विमानाशी काय करायचे आहे? ते अभियांत्रिकीवाल्यांनी पाहावे. हा आक्षेप मला पटत नाही. ताम्रपट हे तांब्याचे पत्रे आहेत म्हणून आपण ते धातुशास्त्राच्या प्राध्यापकांकडे सोपवीत नाही. विमान हेही इतिहासाचे साधन आहे. ते कोणी घडवले, कोणासाठी घडवले, कोणाच्या डोक्यावरून गेले आणि शेवटी ते कोणी जपले किंवा भंगारात काढले, हे सगळे प्रश्न आपल्याच विषयाचे आहेत. मराठवाड्याच्या बाबतीत तर हे साधन आपल्या फार जवळचे आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने निजामाच्या राज्यात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, हे आपण दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत ऐकतो. भाषणांत स्वातंत्र्यसैनिकांचा, रझाकारांचा आणि मेजर जनरल चौधरींच्या फौजेचा उल्लेख येतो. आकाशाचा उल्लेख क्वचितच येतो. वास्तविक या प्रकरणात दोन्ही बाजूंनी विमाने होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक त्या वर्षी कराचीहून लँकेस्ट्रियन जातीच्या मोठ्या विमानांतून निजामासाठी चोरून शस्त्रे आणीत होता. पुढे या उद्योगाबद्दल त्याला ब्रिटनमध्ये दोनशे पौंड दंड झाला. (एवढ्या उद्योगाला एवढा दंड म्हणजे शिक्षा की पावती, हे वाचकांनी ठरवावे.) आणि सैन्याच्या कारवाईला हवेतून साह्य करण्यासाठी पुण्याहून भारतीय वायुदलाची टेंपेस्ट विमाने उडत होती.

आमच्या गावी एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्या साली ते आठ-नऊ वर्षांचे होते. त्या दिवसांबद्दल विचारले की ते एवढेच सांगतात, “इमान आलं की आमी उभ्या पिकात दडून बसायचो. कुणाचं इमान, कुणाला ठावं?” पाठ्यपुस्तकात ज्याला पोलीस कारवाई म्हणतात, तिचा हा खालून दिसलेला भाग आहे. मुक्ती येत होती हे आज आपल्याला माहीत आहे; पिकात दडलेल्या मुलाला ते माहीत नव्हते. त्याला फक्त आवाज ऐकू येत होता.

दिल्लीच्या पालम येथील वायुदलाच्या संग्रहालयात एक टेंपेस्ट उभे आहे. एका अभ्यासदौऱ्यात ते पाहण्याचा योग आला. एकच इंजिन, पण ते अठरा सिलिंडरांचे; पुढे माणसाच्या उंचीहून मोठा पंखा; ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास वेग. प्रोपेलरवर चालणाऱ्या लढाऊ विमानांच्या अगदी शेवटच्या पिढीतले हे विमान. त्याच्यासमोर उभे राहिल्यावर ते गृहस्थ आठवले. त्यांनी पाहिले ते याच जातीचे विमान होते असे ठामपणे म्हणता येणार नाही, म्हणूही नये. पण परत आल्यावर त्यांना छायाचित्र दाखवले तेव्हा त्यांनी ते बराच वेळ हातात धरले आणि विचारले, “एवढंच व्हतं?” आकाशातून येणारी भीती मुलाच्या मनात किती मोठी होऊन बसली होती, हे त्या दोन शब्दांतून मला समजले. सहलीचा खर्च मला तेवढ्यातच वसूल झाला.

तेव्हा सहलीची आखणी करताना पहिला नियम हा की, संग्रहालयांची यादी करून निघू नये, एक प्रश्न घेऊन निघावे. यादी घेऊन गेलेला माणूस दोन तासांत साठ विमाने पाहतो आणि बाहेर आल्यावर त्याला एकही आठवत नाही. “माझ्या प्रदेशावरून कोणते विमान गेले?” असा एखादा प्रश्न बरोबर असला, तर चार विमाने पुरतात.

पालमचे संग्रहालय १९६७ साली सुरू झाले. तिथे वेस्टलँड वापिटी आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला भारतीय वायुदलाची पहिली तुकडी उभी राहिली ती याच जातीच्या चार विमानांवर. स्पिटफायर, हरिकेन, नॅट, मिग-२१ ही नावे तर वर्तमानपत्रांमुळे सर्वांच्या परिचयाची आहेत. जपानी ओहका नावाचे आत्मघाती विमानही तिथे आहे. एका माणसाने आत बसायचे आणि परत यायचे नाही, एवढ्याच हेतूने बनवलेले ते यंत्र पाहून मन थोडे सुन्न होते. पण माझ्या मते तिथले सर्वांत बोलके विमान म्हणजे लिबरेटर हे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान.

त्याची कथा अशी. दुसरे महायुद्ध संपल्यावर ही विमाने मोठ्या संख्येने कानपूरला टाकून देण्यात आली. पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून ती जाणूनबुजून मोडण्यात आली. काहींवर जड यंत्रे घातली, काहींच्या इंजिनांत वाळू ओतली. १९४८ मध्ये नव्या देशाला बाँबफेकी विमाने हवी होती आणि ती द्यायला कोणी तयार नव्हते. तेव्हा बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातील माणसे कानपूरला गेली, त्या ढिगातून त्यातल्या त्यात धड सांगाडे निवडले, एकाचा भाग दुसऱ्याला जोडला आणि उडण्यापुरती डागडुजी करून ती विमाने एकेक करत बंगलोरला उडवत नेली. ही विमाने उडवत नेण्याचे काम प्रामुख्याने जमशेद मुन्शी या वैमानिकाने केले. पूर्ण दुरुस्त झालेली अशी बेचाळीस विमाने वायुदलात दाखल झाली आणि १९६८ च्या अखेरीपर्यंत वापरात राहिली. जगात इतरत्र तोवर या जातीची विमाने वितळवून झाली होती. त्यामुळे लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाने आणि अमेरिकेत ॲरिझोनातील पिमा संग्रहालयाने जी लिबरेटर मिळवली, ती भारतातून. टेंपेस्टचेही तसेच झाले. १९७० च्या दशकात परदेशी संग्राहकांनी आपल्याकडच्या जुन्या साठ्यांतून स्पिटफायर आणि टेंपेस्ट उचलून नेली आणि आज ती तिकडे काचेसारखी चकचकीत करून ठेवली आहेत. आपण भंगार म्हणून वजनावर विकतो ती वस्तू दुसऱ्याला दुर्मीळ का वाटते, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी चर्चेला घ्यावा असा विषय आहे.

आता साठवलेल्या विमानांविषयी थोडे. वापरातून काढलेले किंवा काही काळ नको असलेले विमान कुठेतरी उभे करून ठेवावे लागते. विमानाचे अंग बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. त्याचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा, त्यातही खारी दमट हवा. म्हणून जगातील सर्वांत मोठा साठा ॲरिझोनातील टूसॉन शहराजवळच्या वाळवंटात आहे. तिथे हजारो लष्करी विमाने ओळीने उभी आहेत. इंधन काढून घ्यायचे, इंजिनांत राखणारे तेल फिरवायचे, सर्व तोंडे बंद करायची, खिडक्यांवर व सांध्यांवर पांढरा लेप द्यायचा म्हणजे आतली उष्णता वाढत नाही, अशी ती पद्धत आहे. पूर्वी शेजारच्या पिमा संग्रहालयातून बसने हा साठा दाखवून आणीत. २०२० पासून ती फेरी बंद झाली.

हे वाचताना मनात आले की पाणी नाही म्हणून सदैव रडणाऱ्या आपल्या लातूर-नांदेडला विमाने साठवण्याचा धंदा बरा जमला असता! आठ महिने कोरडी हवा आणि ढगांचा पत्ता नाही. पण जमीन आड येते. टूसॉनची जमीन चुनखडीने दगडासारखी घट्ट झालेली आहे; फरसबंदी न करताही तिच्यावर विमान उभे राहते. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिच्यावर उभे केलेले विमान मृगाच्या दुसऱ्या पावसात चाकांपर्यंत रुतेल. कापसाला जी जमीन वरदान, ती विमानाला शाप.

आपल्या राज्यात साठवलेल्या विमानाचे प्रसिद्ध उदाहरण नागपूरचे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. त्याच नागपूरला १९९१ साली एक जुने बोइंग ७२० तातडीने उतरले आणि पुन्हा उडालेच नाही. चोवीस वर्षे ते धावपट्टीजवळ उभे होते. अखेर २०१५ मध्ये ते ओढून बाजूला नेण्यात आले. एखाद्या कार्यालयातील फाइल चोवीस वर्षे टेबलावर राहते हे आपण ऐकतो, पण विमान राहते हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. पुढे कंपन्या बंद पडल्या तशी उभ्या विमानांची दृश्ये नेहमीची झाली. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज, २०२३ मध्ये गो फर्स्ट अशी ती मालिका आहे. ही विमाने संग्रहालयात नसतात. ती पाहायची तर एखाद्या प्रवासात विमानतळाच्या खिडकीतूनच दिसली तर दिसली. त्यांच्यासाठी वेगळी सहल काढू नये.

सहल काढायची ती गोव्याला. दाबोळीजवळ बोगमाळो रस्त्यावर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. त्याच्या अंगणात सुपर कॉन्स्टेलेशन हे चार इंजिनांचे लांबलचक विमान उभे आहे. माशासारखे किंचित वाकलेले अंग आणि मागे एकाऐवजी तीन शेपट्या. एकच उंच शेपटी केली असती तर त्या काळच्या विमानघरांत ते शिरले नसते, म्हणून ही तीन बुटक्या शेपट्यांची युक्ती. हे विमान प्रथम एअर इंडियाचे होते आणि कंपनीने आपल्या या जातीच्या विमानांना राण्यांची नावे दिली होती. गोव्यातल्या या विमानाचे नाव होते ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी! १९५० च्या दशकात श्रीमंत प्रवाशांना परदेशी नेणारी ही राणी पुढे वायुदलात गेली, १९७६ साली नौदलाकडे आली आणि समुद्रावर गस्त घालू लागली. ज्यांनी कैलास लेणे तीन वेळा पाहिले आहे, त्यांनी वेरूळचे नाव घेऊन जगभर हिंडलेली ही राणी एकदा पाहावी असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

दाबोळीची धावपट्टीही इतिहासात आली आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून गेलेल्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बाँब टाकले. त्याच रात्री पोर्तुगिजांनी घाईघाईने खड्डे बुजवले आणि तिथे अडकलेली दोन प्रवासी विमाने अंधारात उडवून कराचीला नेली. त्यांतील एक कॉन्स्टेलेशनच होते. हैदराबाद १९४८ आणि गोवा १९६१ या दोन्ही प्रकरणांत पुण्याचा विमानतळ आणि कराचीचा रस्ता पुन्हा दिसतो, हे नकाशा समोर ठेवून पाहण्याजोगे आहे.

याच संग्रहालयात सी हॉक, अलीझे आणि सी हॅरियर ही विमाने आहेत. ती ज्या जहाजावरून उडत, ते विक्रांत मात्र आता पाहायला मिळत नाही. १९७१ च्या युद्धात चितगाव आणि कॉक्स बाजारवर याच जहाजावरून हल्ले झाले. १९९७ साली ते निवृत्त झाले, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळू लागले, २०१२ मध्ये धोकादायक ठरवून बंद झाले आणि २०१४ मध्ये ते तोडायला सुरुवात झाली. त्याच्या पोलादाचा काही अंश बजाजच्या एका मोटारसायकलीत वापरला गेला; म्हणजे विक्रांतचे तुकडे आज आपल्याकडच्या रस्त्यांवरही फिरत असतील. एवढे मोठे जहाज, तेही राजधानीत, आपल्याला सांभाळता आले नाही. मग गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या त्याच्या विमानांचे काय होणार, ही काळजी तिथे गेल्यावर वाटतेच. रंगाचे थर वर चढत असतात आणि आत गंज आपले काम करीत असतो. “पुढच्या वर्षी जाऊ” हे वाक्य किल्ल्याच्या बाबतीत चालते, विमानाच्या बाबतीत चालत नाही.

इथे एक विषयांतर करतो. विमानांचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव काढतोच. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले असे सांगितले जाते. प्राचीन विमानविद्येचा म्हणून जो ग्रंथ पुढे केला जातो, त्याची तपासणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. संग्रहालयाचा मला आवडणारा गुण हाच की, तिथे वस्तू दाखवावी लागते. कानपूरच्या ढिगातून उठवलेले लिबरेटर आपल्या लोकांनी खरोखर उडवले, पण त्याचा अभिमान बाळगणारा माणूस मला फारसा भेटलेला नाही.

आता प्रत्यक्ष मार्ग. दिल्ली, गोवा, बंगलोर एकाच फेरीत कोंबू नये; सुट्टी रेल्वेतच संपते. नांदेडकरांना दिल्ली सोपी आहे. सचखंड एक्स्प्रेस नांदेडहूनच सुटते आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीस पोचवते. परभणी-जालन्याच्या विद्यार्थ्यांनाही तीच गाडी. लातूरकरांनी आधी गोवा करावा. लातूरहून कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज हा जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग, आणि मिरजेहून वास्कोला जाणारी गोवा एक्स्प्रेस. वाटेत बेळगाव लागते. तिथल्या सांबऱ्याच्या विमानतळावरून १९६१ मध्ये हंटर विमाने गोव्यावर गेली होती. पुढे लोंढ्यानंतर दूधसागरचा घाट. दिवाळीच्या सुमारास गेल्यास धबधब्याला पाणीही असते, म्हणजे बरोबरच्या ज्या मंडळींना विमानांत रस नाही त्यांचीही तक्रार राहत नाही.

परतताना पुण्यावरून यावे. एरंडवण्यातील कमला नेहरू उद्यानात मरुत हे विमान उभे आहे. मुले त्याच्याभोवती पकडापकडी खेळतात आणि पालक बाकावर शेंगा खातात; ते काय आहे हे कोणी फारसे विचारीत नाही. भारतात आराखडा करून बांधलेले ते पहिले जेट लढाऊ विमान. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी विमाने रचणाऱ्या कुर्ट टांक यांनी बंगलोरला येऊन त्याचा आराखडा केला आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले. हव्या तितक्या ताकदीचे इंजिन त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही, ही त्याची शोकांतिका. बंगलोरच्या एच.ए.एल. संग्रहालयात त्याची अधिक माहिती मिळते. नांदेडहून बंगलोरला थेट गाडी असल्यामुळे ती तिसऱ्या वर्षाची सहल होऊ शकेल.

काही व्यवहाराच्या गोष्टी. गोव्याचे संग्रहालय सोमवारी आणि पालमचे सोमवार-मंगळवारी बंद असते. आमच्या दौऱ्यात हे कोणी पाहिले नव्हते आणि मंगळवारी सकाळी चौदा जण बंद फाटकासमोर उभे होतो. ओळखपत्र प्रत्येकाजवळ असावे. पुणे, दाबोळी आणि ओझर हे लष्करी वापराचे विमानतळ आहेत. संग्रहालयाच्या आवारात परवानगी असेल तिथेच छायाचित्रे घ्यावीत, विमानतळाकडे कॅमेरा वळवू नये. बहुतेक विमाने उघड्यावर असल्याने मे महिन्यात जाणे म्हणजे तव्यावर उभे राहणे.

आणि वही न्यावी. फलकावरील लांबी, रुंदी, वेग उतरवून घेण्यात वेळ घालवू नये; ते कोणत्याही पुस्तकात सापडते. फलकावर नसलेले लिहावे: शेपटीवरचा क्रमांक, कुठे ठिगळ लावले आहे, कोणत्या खिडकीची काच गेली आहे, रंगाखाली जुने नाव दिसते का. पहारा देणाऱ्या माणसांशी बोलावे. कधीकधी त्यांच्यात निवृत्त तंत्रज्ञ निघतात आणि ज्या विमानाखाली आपण उभे आहोत त्याचे चाक त्यांनी स्वतः बदललेले असते. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावातील ऐंशी-पंचाऐंशी वर्षांपुढच्या एका तरी व्यक्तीकडे जाऊन सप्टेंबर १९४८ मध्ये आकाशात काय दिसले होते एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. हे काम सहलीच्या आधीचे आहे, नंतरचे नाही. दिल्लीची गाडी रोज सुटते.